दारावरची पाटी आणि टेबलावरचे रजिस्टर

प्रति,
पुण्यातील विद्यापीठांचे कुलगुरू, महाविद्यालयांचे प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी आणि वसतिगृहांचे रेक्टर

सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या आठवड्यात महाविद्यालयांत एखादे व्याख्यान होते, भित्तिपत्रकांची स्पर्धा होते, अहवालासाठी फोटो काढले जातात. नंतर वर्षभर समुपदेशन कक्षाकडे फारसे कोणी फिरकत नाही आणि बैठकीत त्याचे कारण एका ओळीत नोंदवले जाते: विद्यार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. आमच्या मते ती ओळ चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्यामुळे तुमचा खर्च आणि कष्टही भलत्याच जागी जातात.

आजच्या विद्यार्थ्याला डिप्रेशन, अँक्झायटी, पॅनिक अटॅक हे शब्द पाठ आहेत. कपाट नीट लावणारी मुलगी 'मला ओसीडी आहे' असे सहज म्हणून जाते. अडते ते शब्दांपाशी नाही. कक्षाची पायरी चढण्याआधी तो मनात साधा हिशोब करतो: मी इथे आलो हे कोणाकोणाला कळेल? वर्गशिक्षकांना? घरी फोन जाईल? रूममेटला? प्लेसमेंटच्या वेळी कुठे शेरा उमटेल? या प्रश्नांची उत्तरे त्याला व्याख्यानातून मिळत नाहीत. ती तुमच्या आवाराची मांडणी पाहून मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी ती मांडणी त्याला परत फिरायला सांगते.

कक्ष कुठे असतो ते पाहा. प्रशासकीय इमारतीत, प्राचार्यांच्या केबिनला लागून किंवा स्टुडंट सेक्शनच्या खिडकीसमोर. तिथे बोनाफाईडसाठी वीस मुलांची रांग लागलेली असते. दारावर मोठ्या अक्षरात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी, दाराला काच. आत गेल्यावर टेबलावर उघडे रजिस्टर: अनुक्रमांक, नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाईल नंबर, भेटीचे कारण, सही. सही करताना विद्यार्थ्याला वरच्या सात जणांची नावे आणि त्यांची 'कारणे' दिसतात. त्याच क्षणी त्याला हेही कळते की आपल्या खाली सही करणारा नववा माणूस आपले कारण वाचणार आहे. मग तो 'करिअर मार्गदर्शन' असे लिहितो, दहा मिनिटे एमपीएससीबद्दल बोलतो आणि निघून जातो. वर्षअखेरीस आपण रजिस्टर चाळतो आणि म्हणतो, आमच्या मुलांना मानसिक त्रास नाहीच, त्यांना करिअरची चिंता आहे.

हे रजिस्टर बहुतेक वेळा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, कागदपत्रांसाठी ठेवलेले असते. भेटींची संख्या दाखवायला नावे लागत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला सांकेतिक क्रमांक द्या. नाव आणि क्रमांकाची जोडणी एका वेगळ्या वहीत ठेवा. ती वही समुपदेशकाच्या कुलपात राहील आणि प्राचार्यांनाही उघडता येणार नाही. तपासणीला महिनावार आकडे दाखवा. कक्ष ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, जिमखान्याजवळ किंवा आरोग्य तपासणी खोलीच्या ओळीत हलवा, म्हणजे तिकडे जाणारा माणूस कशासाठी चालला आहे हे लांबून ओळखू येणार नाही. वेळही बदला. बुधवारी 11 ते 1 ही वेळ कार्यालयाच्या सोयीची असते, पण नेमक्या त्याच वेळी प्रॅक्टिकलच्या बॅचेस चालू असतात. संध्याकाळी 4 ते 7 या वेळेत आठवड्यातून दोन दिवस दार उघडे राहिले, तर पहिल्याच सत्रात फरक दिसतो.

याहून मोठी अडचण खुर्चीवरच्या माणसाची आहे. अनेक ठिकाणी मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या प्राध्यापकांकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून समुपदेशन दिलेले असते. त्यांची तळमळ खरी असते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण सोमवारी ज्या बाईंसमोर मन मोकळे करायचे, शुक्रवारी त्याच बाई अंतर्गत गुण देणार असतील, तर कोणतेही शहाणे मूल गप्पच बसेल. हे विद्यार्थ्याच्या अज्ञानाचे लक्षण नाही, व्यवहारज्ञानाचे आहे. गुण, हजेरी आणि शिस्त या तिन्हींशी ज्याचा संबंध नाही असाच माणूस तिथे हवा. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यायची आहे, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक हे प्रमाण साधारण योग्य धरले जाते. आपल्याकडच्या पाच-सहा हजारांच्या महाविद्यालयांनी स्वतःचा आकडा त्याच्या शेजारी मांडून पाहावा.

मग येतो फॉर्म. अलीकडे सत्राच्या सुरुवातीला सगळ्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएचक्यू-9 या नैराश्य तपासणीच्या प्रश्नावलीची गूगल फॉर्मवरची प्रत पाठवायची पद्धत पडली आहे. साधन चांगले आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे, आणि परीक्षेच्या तोंडावर भरून घेतले तर आकडे फुगतात. पण नववा प्रश्न वेगळा आहे. मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असे तो विचारतो. फॉर्मवर नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) घेतलेला असेल, एखाद्या मुलीने त्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले असेल, आणि ती एक्सेल शीट कोणीतरी दिवाळीनंतर उघडणार असेल, तर आपण तिला मदत मागायला लावले आणि वर उत्तरही दिले नाही. यापुढे ती कोणाला काही सांगेल का?

म्हणून आमचे म्हणणे असे: नावासह फॉर्म घ्यायचा असेल तर नववे उत्तर त्याच दिवशी वाचणारा आणि त्याच दिवशी फोन करणारा माणूस आधी ठरवा. तसा माणूस नसेल तर फॉर्म निनावी ठेवा. थोडा हिशोबही करून पाहा. समजा हजार जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या शंभरांना प्रत्यक्ष भेटीची गरज निघाली. समुपदेशक आठवड्यात दोन दिवस, चार-चार तास येतात. एका भेटीला 50 मिनिटे आणि नोंदीला 10 मिनिटे धरली, तर आठवड्याला आठ भेटी. शंभरावा विद्यार्थी तेराव्या आठवड्यात खुर्चीवर बसेल, तोवर सत्र संपत आलेले असेल. यात दुसऱ्या भेटीचा हिशोब धरलेलाच नाही. एकदम हजार जणांना पाठवण्यापेक्षा एका वेळी एक वर्ग घ्या, त्यातल्या सगळ्यांना भेटा, मग पुढच्या वर्गाकडे जा.

तुमच्या कार्यालयाच्या खिडकीवर रोज घडणारी एक गोष्ट आता जवळून पाहू. विद्यार्थी उपचार घेतोय, दहा दिवस वर्गात आला नाही, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागले. आता त्याला मेडिकल सर्टिफिकेट द्यायचे आहे. त्या लेटरहेडवर 'मानसोपचारतज्ज्ञ' असे छापलेले असते. हा कागद वर्गशिक्षकांकडून विभागप्रमुखांकडे, तिथून कार्यालयात लिपिकाकडे, तिथून फाईलमध्ये असा तीन टेबलांवरून जातो. प्रत्येक टेबलावर त्याच्याकडे एकदा वर बघितले जाते. पुष्कळ मुले हा रस्ता टाळायला ओळखीच्या डॉक्टरांकडून टायफॉईडचे खोटे सर्टिफिकेट आणतात, आणि काही जण तर सर्टिफिकेटच नको म्हणून उपचार सोडतात. उपाय अगदी सोपा आहे. एकच नेमलेली व्यक्ती बंद पाकिटात सर्टिफिकेट घेईल आणि पुढे फक्त 'वैद्यकीय कारण, दिवस इतके, मान्य' असा शेरा पाठवेल. सर्टिफिकेटवर आजाराचे नाव असलेच पाहिजे असा आग्रह धरू नका. उपचार चालू आहेत आणि इतक्या दिवसांची विश्रांती आवश्यक होती, एवढे डॉक्टरांनी लिहिले की पुरे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरने पाळायची ती गोपनीयता कार्यालयाने दुसऱ्या बाजूने फोडणे बरोबर नाही.

गोपनीयतेला मर्यादा असतात, आणि त्या विद्यार्थ्याला पहिल्या पाच मिनिटांत, तोंडाने, स्पष्ट सांगाव्या लागतात: तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी एकट्याने हे ठेवणार नाही, कोणाला सांगायचे ते तुझ्याशी बोलून ठरवेन. आधी सांगितलेली मर्यादा मुले समजून घेतात. न सांगता घरी गेलेला एक फोन मात्र अख्ख्या वसतिगृहाला तीन वर्षे पुरतो. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायला पालकांची परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षाला काही जण सतराचे असतात. त्यांच्या उपचारासाठी पालकांना बरोबर घ्यावेच लागते, आणि तेही त्यांना आधीच सांगायला हवे. घर लातूरला किंवा धुळ्याला असलेल्या मुलांना एक गोष्ट जरूर कळवा: याच 2017 च्या कायद्याच्या कलम 14 नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकते. ती मोठी बहीण असू शकते, मामा असू शकतो, जवळचा मित्रही असू शकतो.

औषधांबद्दल वसतिगृहात जे मत तयार होते ते कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा पक्के असते, कारण ते शेजारच्या कॉटवरून आलेले असते. एखाद्याला नैराश्यासाठी एसएसआरआय गटातली गोळी सुरू होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोके जड, झोप उडणे, उगाच बेचैनी असे त्रास होऊ शकतात. मनाला बरे वाटायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. हे डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने आधी सांगितले नसेल, तर मुलगा पाचव्या दिवशी गोळी बंद करतो आणि रूमवर सगळ्यांना सांगतो, 'गोळ्यांनी माणूस बधिर होतो रे.' तिथून पुढे त्या मजल्यावरचे कोणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. दुसरा एखादा महिनाभर घेतो, बरे वाटते, आणि बरे वाटले म्हणून सोडून देतो. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने उपचार चालू ठेवावे लागतात, आणि थांबवताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. एकदम थांबवल्यास चक्कर, झटके बसल्यासारखे वाटणे, चिडचिड होते, आणि यालाच मुले 'सवय लागली' असे समजतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांचे लागू शकते, म्हणून त्या मोजक्याच दिवसांसाठी देतात. हा फरक विद्यार्थ्यांना समजतो, फक्त कोणीतरी तो सांगायला हवा. पंचवीस वर्षांच्या आतल्या रुग्णांमध्ये औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे बारकाईने लक्ष ठेवावे लागते. पहिली फेरतपासणी आठवड्या-दोन आठवड्यांत व्हायलाच हवी. त्या दिवशी विद्यार्थ्याला सुटी द्या.

आपल्या जागृतीच्या कार्यक्रमांचा एक दोषही इथे मांडतो. 'वेलनेस', 'हॅपिनेस', 'स्ट्रेस मॅनेजमेंट' अशी गोड नावे वापरून आपण काउन्सेलरकडे जाणे थोडे सोपे केले, पण त्याच वेळी मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे 'खऱ्या वेड्यांचा डॉक्टर' ही समजूत आणखी घट्ट केली. नैराश्याला सहानुभूती मिळू लागली; स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या वाट्याला अजून 'सायको' आणि 'याला येरवड्याला पाठवा' हेच येते. हे आजार नेमके महाविद्यालयाच्या वयात सुरू होतात. आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विकार 24 वर्षांच्या आत सुरू झालेले असतात. मुलगा मेसला जायचा बंद होतो, अंघोळ सोडतो, रात्रभर जागा राहतो, रूममेट आपल्याबद्दलच बोलतात असे म्हणू लागतो, एकटाच हसतो किंवा पुटपुटतो. रूममेट म्हणतात नशा करत असेल, रेक्टर म्हणतात शिस्त नाही, घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे. या तीन मतांच्या फेऱ्यात महिने जातात, आणि उपचाराला जितका उशीर, तितके सावरणे अवघड. दोन आठवडे असे चित्र दिसले की रेक्टरनी समुपदेशकाला कळवावे, वाट पाहू नये. घरच्यांची श्रद्धा मोडत बसू नये. 'देवाचं करा, पण गोळी चुकवू नका' हे वाक्य आजवर कोणत्याही वादापेक्षा जास्त उपयोगी पडले आहे.

येरवड्याचे नाव शिवीसारखे वापरले जाते, पण तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायचा, तपासून घ्यायचे, औषधे घेऊन त्याच दिवशी परत यायचे. औंधच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. ही दोन्ही रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची असल्याने 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. तिथला मानसोपचार विभाग स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे. सकाळी लवकर गेले की गर्दी कमी लागते. कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि मेसचे पैसे मोजून देणाऱ्या मुलाला खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही, आणि सरकारी रुग्णालयात कोणत्या खिडकीवर काय म्हणायचे हे त्याला ठाऊक नसते. समुपदेशकाच्या चिठ्ठीत रुग्णालय, विभाग, ओपीडीचा वार आणि बरोबर न्यायची ओळखपत्रे लिहून द्या, आणि पहिल्या खेपेला बरोबर कोणीतरी पाठवा. नुसते 'सायकियाट्रिस्टना दाखव' असे सांगितले की बहुतेक जण पोहोचतच नाहीत.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि भाषा निवडताना मराठीही निवडता येते. तो प्रशासकीय इमारतीतल्या इंग्रजी फलकावर आहे. वसतिगृहातल्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे माणूस एकटा असतो आणि कोणी बघत नसताना नंबर टिपून घेऊ शकतो.

आता सर्वांत नाजूक भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. तरीही शिक्षकांना अजून भीती वाटते की 'जीव नकोसा वाटतो का?' असे थेट विचारले तर नको तो विचार डोक्यात जाईल. तसे होत नाही. थेट आणि शांतपणे विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' आले तर त्या विद्यार्थ्याला एकटे सोडायचे नाही, कोणाला सांगणार नाही असे वचन द्यायचे नाही, आणि त्याच दिवशी माणूस बरोबर देऊन रुग्णालयात न्यायचे. रात्री असेल तर अपघात विभागात. पोलीस केस होईल या भीतीने उशीर करू नका. 2017 च्या कायद्याचे कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या, जुन्या दंड संहितेतल्या 309 सारखे सरसकट कलम राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते ती फक्त नोंद असते.

आणि विद्यार्थी परत येतो तेव्हा? बाकीची सगळी मुले त्याच्याकडेच पाहत असतात. त्याची खोली बदलली, पालकांकडून हमीपत्र लिहून घेतले, 'पूर्ण बरा झाल्यावरच आणा' असे सांगितले, तर पुढचे दहा जण कक्षाकडे येणार नाहीत. वर्गाला 'आजारी होता' एवढेच सांगा. रात्रीच्या औषधांची गुंगी सकाळी उतरत नाही, तेव्हा 8 च्या प्रॅक्टिकलऐवजी दुपारची बॅच द्या. काही औषधांनी हात थरथरतो. टायट्रेशनमध्ये ब्युरेटचा कॉक धरताना किंवा ड्रॉइंग शीटवर रेघ ओढताना ते दिसते, तेव्हा वर्गासमोर टोकू नका, जास्त वेळ द्या. सबमिशनची जर्नल्स दोन टप्प्यांत घ्या. हे नियमात बसत नाही असे वाटले तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढून पाहा. दीर्घकालीन मानसिक आजार त्यातल्या 21 प्रकारांत आहे आणि वाजवी सोयी देणे त्यात अपेक्षित आहे.

यातल्या फार थोड्या गोष्टींना पैसे लागतात. रजिस्टर, पाकीट, बॅच, वेळ आणि 14416 ची मराठी चिठ्ठी या पाच गोष्टी जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी होऊ शकतात. पूर्णवेळ नेमणुकीला अंदाजपत्रक लागेल, त्याचा प्रस्ताव याच सत्रात ठेवावा. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची पहिली तुकडी शिक्षकांची न घेता रेक्टर, सुरक्षारक्षक, मेसचालक आणि स्टुडंट सेक्शनचे लिपिक यांची घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मूल जेवायला आले नाही हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

कळावे,

आपले नम्र,
पुण्यातील महाविद्यालयांसोबत काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ